फुटपाथवर नाव घ्यायचं नाही

आमच्या कामाचे नियम तीनच. समोरच्यांना उत्तर द्यायचं नाही, कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, आणि फुटपाथवर कुणाचं नाव घ्यायचं नाही. पहिला नियम मी महिन्यातून एकदा तरी मोडते, कारण माझ्या जिभेला हाड नाही. दुसरा कधीच मोडला नाही. तिसरा मोडला तो मदर्स डेच्या आदल्या शनिवारी, आणि त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मी ओपल रॅटलिफ. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर गुडघे धरून घरात बसण्यापेक्षा दर शनिवारी सकाळी नारिंगी जॅकेट चढवून गर्भपाताच्या दवाखान्याबाहेर उभी राहू लागले. गाडीतून उतरलेल्या बाईला दारापर्यंत सोबत करायची, एवढंच काम. अंतर सत्तर पावलं. पण त्या सत्तर पावलांच्या दोन्ही बाजूंना गर्भपाताला विरोध करणारे लोक असतात, फलक घेऊन, बायबल घेऊन, भोंगा घेऊन. आम्ही त्यांना 'समोरचे' म्हणतो. आणि ते लोक मला परके नाहीत, हीच तर पंचाईत आहे. तेही बाप्टिस्ट पंथाचे, मीही बाप्टिस्ट. त्यांची सगळी भजनं मला तोंडपाठ आहेत. कुणी बेसूर गायलं की माझं डोकं फिरतं. माझ्या चर्चच्या पास्टरना वाटतं, मी शनिवारी बहिणीकडे जाते.

मदर्स डेचा आदला शनिवार म्हणजे वर्षातला सगळ्यात वाईट दिवस. एरवी तीस-चाळीस माणसं असतात, त्या दिवशी केंटकीच्या डोंगरातल्या चर्चांमधून व्हॅन भरभरून येतात.

तिला मी सकाळी साडेसातला बस स्थानकावरून आणलं. गाडीत नाव विचारायला हरकत नसते.

"तिर्झा," ती म्हणाली.

"अगं बाई! बायबलातली का? त्या पाच बहिणींमधली धाकटी?"

"हो. डॅडींना पाच मुली हव्या होत्या. मी एकटीच झाले, तर त्यांनी शेवटचंच नाव देऊन टाकलं." ती जराशी हसली. "डॅडी आमच्या चर्चचे प्रीचर आहेत."

ती एकवीस वर्षांची होती. आई गेल्यापासून घरी बाप-लेक दोघंच. ती चर्चच्या बालवाडीत शिकवायची. पोटातलं कुणाचं, ते मी विचारलं नाही. ते विचारायचं नसतं.

"त्यांना कळलं तर गं?"

"बालवाडी जाईल. त्याचं काही नाही. पण डॅडी व्यासपीठ सोडतील, मिस ओपल. ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही त्याने देवाचं घर सांभाळायला जाऊ नये, असं ते कायम म्हणतात. इतरांना म्हणतात ते स्वतःला लावतातच ते. आणि मग माझ्याशी बोलतील की नाही..." तिने बाही ओढून बोटं झाकली. "मला ते सोडून कुणी नाहीये."

"आज कुठेत ते?"

"चर्चची व्हॅन घेऊन गेलेत कुठेतरी, सबंध दिवसासाठी. मी विचारलं नाही. म्हणून तर आजचा दिवस धरला. एक चाळीसची बस मिळाली की त्यांच्या आधी घरी पोचते."

तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. मी गाडी लावायला जागा शोधत होते.

जागा मिळाली ती रस्त्याच्या पलीकडे. मी गाडीला कुलूप घालत होते तेवढ्यात ती घाबरून पुढे निघाली. दवाखान्याला लागूनच एक इमारत आहे. ती समोरच्यांनीच विकत घेतलीय. पाटीचा रंग आमच्यासारखा, दार आमच्यासारखं, आणि दारात उभी राहणारी बाईसुद्धा नारिंगीच जॅकेट घालते. आत एकदा नेलं की बाईचं मन फिरवायला दोन-दोन तास सोडत नाहीत, चहा पाजतात, फिल्म दाखवतात, रडतात. ती बाई गोड आवाजात म्हणाली, "ये बाळा, नाव नोंदवायचं इकडे," आणि तिर्झा वळली.

एकतीस वर्षं मी हेच केलं होतं. चुकीच्या बसकडे निघालेलं पोर दिसलं की खिडकीतून डोकं काढायचं आणि त्याच्या नावाने बोंब ठोकायची. माझं तोंड माझ्या आधी उघडलं.

"तिर्झा! तिकडे नाही!"

ती थांबली. माझ्यासोबत काम करणारी ग्लेनिस छत्री उघडून धावली, तिने तिला छत्रीखाली घेतलं आणि आमच्या दाराकडे आणलं. पण फुटपाथवर क्षणभर सगळं गप्प झालं होतं, आणि त्या शांततेत माझी हाक नीट ऐकू गेली होती.

पहिल्यांदा उचलली डॉयलने. डॉयल म्हणजे पंचविशीतला लांबलचक गडी. काठीला फोन लावून दर शनिवारी सगळं थेट इंटरनेटवर दाखवतो, आणि डोंगरातल्या निम्म्या म्हाताऱ्या न्याहारी करताना त्याला बघतात.

"तिर्झा!" तो ओरडला. "ऐकलंत का मंडळी? तिर्झा नाव आहे तिचं! तिर्झासाठी प्रार्थना करा! तिर्झा, तुझं बाळ तुला हाक मारतंय!"

मग सगळ्यांनीच धरलं. भोंग्यावर तिर्झा, बायकांच्या तोंडी तिर्झा.

दाराच्या आत ती भिंतीला टेकून उभी होती. चेहरा पांढराफटक.

"तुम्ही नाव घेतलंत," ती म्हणाली.

"घेतलं गं."

"आमच्या आख्ख्या काउंटीत या नावाची मी एकटी आहे, मिस ओपल."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली आणि नर्सच्या मागे आत गेली. मी तिथेच उभी राहून स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की दारावरचा पहारेकरी म्हणाला, "ओपल, इथे पोरीबाळी बसल्यात."

तोंडातून गेलेला शब्द परत गिळता येत नाही. पण त्यात पाणी घालून तो पातळ करता येईल, असं मला वाटलं. मी ग्लेनिसला कोपऱ्यात घेतलं.

"आता येईल तिला तिर्झा म्हणायचं."

"काय?"

"प्रत्येकीला. सगळ्याच तिर्झा झाल्या की कुठली खरी ते कुणाला कळतंय?"

"खोटं बोलायचं, म्हण ना सरळ."

"हो, खोटं बोलायचं. तुला देवाकडे जाब द्यावा लागला तर माझं नाव सांग."

पुढची गाडी आली. त्यातून चाळिशीची एक दांडगी बाई उतरली, नवऱ्याला सोबत घेऊन. "चल तिर्झा, आम्ही आहोत," मी मोठ्याने म्हणाले. ती म्हणाली, "मी तिर्झा नाही." मी तिच्या कानाशी म्हणाले, "आजच्या दिवस व्हा की हो." तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भोंग्याकडे बघितलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "चल रे, तिर्झा झाले मी."

अकरा वाजेपर्यंत आम्ही नऊ तिर्झा आत पोचवल्या. डॉयल चक्रावला.

"काय आजीबाई, आज बाजारात एकच नाव शिल्लक होतं वाटतं?"

नियम पहिला: उत्तर द्यायचं नाही. "तुझ्या आईला नाव सुचलं नसतं तर तुलाही हेच ठेवलं असतं," मी म्हणाले. दोन म्हाताऱ्या बायबलाआड हसल्या. मला वाटलं, जमलं.

जमलं कसलं! अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझी हाक एकदाच गेली होती, ती कदाचित विरूनही गेली असती. आम्ही ते नाव नऊ वेळा घेतलं आणि लोकांच्या डोक्यात ठोकून बसवलं. साडेअकरापर्यंत त्यांनी त्याचं भजन केलं होतं. जुन्या चालीत प्रत्येक ओळीच्या शेवटी तिर्झा. कुणीतरी पुठ्ठ्यावर रंगवूनसुद्धा आणलं.

साडेबारा वाजून गेल्यावर एक पांढरी व्हॅन आली. बाजूवर लिहिलेलं, क्रुकेड फोर्क बाप्टिस्ट चर्च. बारा-चौदा माणसं उतरली, शेवटी एक उंच, किंचित वाकलेला माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात टोपी. लोकांनी त्याला "ब्रदर होबार्ट" म्हणून हाका मारल्या. डॉयल पुढे धावला.

"ब्रदर, आत एक तिर्झा म्हणून मुलगी आहे. म्हणजे, असावी. ही म्हातारी आज सगळ्यांनाच तिर्झा म्हणतीय, पण पहिली हाक खरी होती. मी ऐकलीय."

"तिर्झा?" तो माणूस हसला. "माझ्या मुलीचं नाव."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हातातली छत्री खाली पडली.

"मग तुम्हीच करा प्रार्थना," कुणीतरी म्हणालं.

"करतो ना. घरी गेल्यावर सांगेन तिला, आज तुझ्या नावाच्या बाईसाठी बोललो म्हणून." आणि त्याने भोंग्याचा माईक हातात घेतला.

मी आत पळाले. तिचं सगळं आटोपलं होतं. विश्रांतीच्या खोलीत ती खुर्चीत बसली होती, हातात बिस्किटाचा पुडा, अंगावर चादर. त्या खोलीची भिंत रस्त्याला लागून आहे. नर्सने रेडिओ मोठा केला होता, पण माणसाला आपल्या बापाचा आवाज रेडिओच्या वरूनही ऐकू येतो. तिने एकच बिस्कीट खाल्लं होतं.

"डॅडी आहेत," ती म्हणाली.

"आहेत. पण त्यांना काही माहीत नाही. योगायोग वाटतोय त्यांना."

ती ऐकत होती. मीही ऐकलं, इलाज नव्हता.

"प्रभू," तो बाहेर बोलत होता, आणि आमच्याकडचे प्रीचर ओरडतात तसा तो ओरडत नव्हता, "आत जी तिर्झा आहे ती कुणाची, मला माहीत नाही. पण हे नाव मी एका पोरीला दिलंय, तेव्हा हिच्यासाठी बोलायचा मला थोडा हक्क आहे. ती घाबरली असेल. तिला एकटं टाकू नकोस. आणि तिला बाप असेल, तर त्या बापाला शहाणपण दे."

तिर्झाने चादरीची कड तोंडात धरली. रडली नाही.

"ते जाईपर्यंत मी इथेच बसू?"

मी घड्याळ बघितलं. एक वाजायला दहा मिनिटं. शेवटची गाडी जाईपर्यंत ते लोक हलत नाहीत, कधीच नाही. मागचं दार नाही, मागची भिंत दुसऱ्या एका इमारतीला चिकटलेली. आणि तिची बस चुकली तर पुढची संध्याकाळी सात वाजता, म्हणजे बाप घरी आणि लेक बेपत्ता.

"बसायचं असेल तर बस," मी म्हणाले. "मी तुझ्यासोबत बसेन. मग जे होईल ते होईल. निघायचं असेल तर आत्ता निघू. मघाशी मी तुझं वाटोळं केलं, आता ठरवायचं तूच."

तिने बिस्किटाचा पुडा खुर्चीवर ठेवला. मग चादर डोक्यावरून घेतली.

"निघू," ती म्हणाली.

एका बाजूला ग्लेनिस, एका बाजूला मी, दोघींच्या हातात मोठ्या छत्र्या. तिचा चेहरा दिसत नव्हता, हात दिसत नव्हते. चादरीखालून पावलं तेवढी दिसत होती. दार उघडलं आणि आवाज अंगावर आला. डॉयल काठी पुढे करून धावला. "कोण आहे बघू! तिर्झा नंबर किती ही?" बायका पुढे सरकल्या. ब्रदर होबार्ट फाटकाच्या डाव्या हाताला उभा होता, माईक तोंडाशी. आम्हाला त्याच्यापासून चार हातांवरून जायचं होतं.

"प्रभू, हिच्यासुद्धा डोक्यावर तुझा हात..." तो म्हणत होता.

आणि तो थांबला.

मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. तो आमच्या छत्र्यांकडे बघत नव्हता, खाली बघत होता. तिर्झा एक पाऊल टाकत होती, मग दुसरं. बापाला लेकीची चाल ओळखायला चेहरा लागत नाही. त्यानेच तिला चालायला शिकवलं असणार. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

माईक घूं करत राहिला. लोक त्याच्याकडे बघू लागले. डॉयल अजून पुढे आला, काठी छत्रीच्या कडेशी घातली. दोन बोटं अजून, की चेहरा फोनमध्ये.

"सगळ्यांनी माना खाली घाला," ब्रदर होबार्ट म्हणाला.

आवाज फाटला होता. त्याने पुन्हा म्हटलं, आता जोरात.

"सगळ्यांनी माना खाली. सगळ्यांनी डोळे मिटा. कुणीही इकडेतिकडे बघायचं नाही."

हे शब्द आमच्या चर्चांमध्ये दर रविवारी, अगदी शेवटी, प्रीचर म्हणतात. कुणाला आपलं पाप कबूल करून हात वर करायचा असेल, तर शेजाऱ्यापाजाऱ्याने बघू नये म्हणून. आम्ही पाळण्यातून उठलो ते हे ऐकत. ते ऐकलं की डोळे आपोआप मिटतात, विचारावं लागत नाही. साठ-सत्तर माणसांच्या माना एकदम खाली गेल्या. भजन थांबलं. नकली जॅकेटवाली बाईसुद्धा हात जोडून उभी राहिली. माझेही डोळे मिटायला लागले होते, मी ओठ चावून ते उघडे ठेवले.

डॉयलने मान खाली घातली, पण काठी तशीच वर.

"फोनसुद्धा खाली, पोरा. देवाला फोन लागत नाही."

काठी खाली आली.

सबंध फुटपाथ इतका शांत मी चार वर्षांत बघितला नव्हता. आमची पावलं ऐकू येत होती. तिर्झाला कळलं होतं. चादरीतून तिचा श्वास घोगरा येत होता, पण ती थांबली नाही आणि तिने मान वर केली नाही. आम्ही त्याच्या शेजारून गेलो, फाटकातून गेलो, रस्ता ओलांडला. ओलांडताना मी एकदा मागे त्याच्याकडे बघितलं. मी तिला मागच्या सीटवर बसवलं आणि दार लावलं. मग परत वळून बघितलं. तो माईक खाली करून उभा होता. बाकी सगळ्यांच्या माना खाली.

गाडी दोन चौक पुढे गेली. मग तिने चादर डोक्यावरून काढली.

"त्यांनी मला बघितलं का?"

सकाळपासून मी नऊ वेळा खोटं बोलले होते. दहावं अगदी सोपं होतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, म्हणायचं, त्यांचेही. तिला घरी जाऊन त्याच माणसासमोर जेवायला बसायचं होतं. मला तिचा चेहरा आरशात दिसत होता आणि माझं मन होईना.

"बघितलं," मी म्हणाले.

तिने डोळे मिटले. "खूप रागात होते?"

"नाही गं." मी आरसा सोडून रस्त्याकडे बघितलं. "तू रस्ता ओलांडत होतीस ना, तेव्हा ते दोन्हीकडे बघत होते. डावीकडे, मग उजवीकडे, परत डावीकडे. एखादी गाडी येतेय का म्हणून."

तिर्झा दोन्ही हात तोंडावर घेऊन रडायला लागली, त्या दिवसात पहिल्यांदा, लहान पोरं रडतात तशी मोठ्याने. मी बस स्थानकापाशी आले. बसला अजून अकरा मिनिटं होती. मी आत न वळता स्थानकाला एक फेरी घातली, आणि मग आणखी एक.